राकेश शर्मा अंतराळातून परतल्यावर ओझरला काय करत होते?

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. राकेश शर्मा अंतराळात जाणारे पहिले भारतीय, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ते परत आले तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी काय केलं? आमच्या वर्गात यावरून वाद झाला. काही जण म्हणतात ते वैमानिक, काही म्हणतात अंतराळात जायचं तर इंजिनिअरच लागतो. एकच माणूस दोन्ही असू शकतो का? मला स्वतःला दोन्हींची आवड आहे. मी कुठली वाट धरावी?
— एक विद्यार्थिनी, सास्तूर (ता. लोहारा, जि. धाराशिव)

उत्तर : राकेश शर्मा वैमानिक. हवाई दलात ते उड्डाण शाखेतून गेले, इंजिनिअर म्हणून नाही. पण ते ज्या जातीचे वैमानिक होते त्यांना टेस्ट पायलट म्हणतात, म्हणजे विमानाची चाचणी घेणारा वैमानिक, आणि त्याचं निम्मं काम इंजिनिअरचंच असतं. त्यामुळे तुमच्या वर्गातल्या दोन्ही बाजूंच्या हाती सत्याचा एकेक तुकडा आहे.

अंतराळात ते आठवडाभर होते, टेस्ट पायलट म्हणून मात्र अनेक वर्षं राबले. हवाई दलातून विंग कमांडर पदावर निवृत्त झाल्यावर १९८७ मध्ये ते हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे एचएएलमध्ये रुजू झाले. १९९२ पर्यंत ते आपल्या नाशिक जिल्ह्यात ओझरच्या कारखान्याचे मुख्य टेस्ट पायलट होते. मग बंगळुरूला गेले आणि २००१ मध्ये त्यांनी उड्डाण थांबवलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचा हाच भाग तुझ्यासारख्या मुलीनं आधी वाचायला हवा. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

अंतराळापर्यंतची वाट

शर्मांचा जन्म १३ जानेवारी १९४९ चा, पतियाळाचा. शिक्षण हैदराबादला झालं. जुलै १९६६ मध्ये ते पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, हवाई दलाचे छात्र म्हणून दाखल झाले आणि १९७० मध्ये वैमानिक झाले. पुढच्याच वर्षी बांगलादेशाचं युद्ध झालं. त्यात त्यांनी मिग-२१ विमानातून २१ मोहिमा केल्या. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते.

१९८२ मध्ये भारत-सोव्हिएत मोहिमेसाठी त्यांची आणि रवीश मल्होत्रांची निवड झाली. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत दोघांनी जवळजवळ दीड वर्ष प्रशिक्षण घेतलं. अभ्यास रशियन भाषेत होता, म्हणजे आधी भाषा शिका आणि मग यान. ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ यान बैकानूरहून निघालं आणि सल्यूत-७ या अंतराळस्थानकाला जाऊन जोडलं गेलं. शर्मा ७ दिवस २१ तास ४० मिनिटं अंतराळात होते. तिथं त्यांनी वजनरहित अवस्थेत योगासनं शरीराला कितपत उपयोगी पडतात ते पाहिलं, हृदयाच्या ठोक्यांवर प्रयोग केले आणि भारताच्या भूभागाची छायाचित्रं घेतली. परतल्यावर त्यांना अशोकचक्र मिळालं.

तुमच्या वादाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट इथं आहे. त्या यानात तिघं होते. युरी मालिशेव कमांडर, गेन्नादी स्त्रेकालोव फ्लाइट इंजिनिअर आणि शर्मा संशोधक अंतराळवीर. म्हणजे इंजिनिअरचं काम तिथं वेगळ्या माणसाकडे नेमून दिलेलं होतं. हे स्त्रेकालोव विलक्षण माणूस. याच्या सहाच महिने आधी, २६ सप्टेंबर १९८३ ला, ते आणि व्लादिमीर तितोव उड्डाणाची वाट पाहत यानात बसले असताना खालच्या रॉकेटला आग लागली. यानाच्या टोकाला बसवलेल्या सुटकेच्या रॉकेटनं त्यांची कुपी ऐन वेळी उचलून दूर नेली म्हणून दोघं वाचले. शर्मा आणि मल्होत्रा तेव्हा प्रशिक्षणात होते. यंत्र दगा देऊ शकतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या अपघातातून वाचलेला माणूसच सहा महिन्यांनी शर्मांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. सुटकेचं रॉकेट ज्यांनी आधी तपासून घेतलं होतं, त्यांच्या कामावर हा विश्वास उभा होता.

ओझर कशासाठी?

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गानं धुळ्याकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर ओझर लागतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. त्याच सुमारास रशियन मिग विमानं भारतात बनवायचं ठरत होतं. काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. सांगाडा आणि जुळणी नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहिला. तिथं आधी मिग-२१ बनलं, मग मिग-२७, आणि पुढे सुखोई-३०. शर्मा रुजू झाले तेव्हा मिग-२१ ची नवी बांधणी संपत आली होती आणि मिग-२७ चं काम जोरात होतं. शिवाय वापरात असलेली विमानं ठरावीक तासांनंतर पूर्ण उघडून दुरुस्त करण्याचं, म्हणजे ओव्हरहॉलचं काम चालूच असायचं.

कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक लढाऊ विमान, मग ते नवं असो की ओव्हरहॉल झालेलं, हवाई दलाच्या ताब्यात जाण्याआधी कारखान्याचा स्वतःचा टेस्ट पायलट उडवून बघतो. गावातला चांगला मिस्त्री ट्रॅक्टरचं इंजिन बांधल्यावर मालकाच्या हाती किल्ली देण्याआधी स्वतः फेरी मारून येतो, तशीच ही रीत. फरक एवढाच की इथं चूक निघाली तर बाजूला थांबून बॉनेट उघडता येत नाही.

टेस्ट पायलट नेमकं काय करतो?

सिनेमात टेस्ट पायलट म्हणजे बेधडक, कोलांट्या मारणारा माणूस दाखवतात. खऱ्या कामात कमालीची शिस्त असते. त्याचा दिवस ब्रीफिंगनं सुरू होतो. इंजिनिअर मंडळी समोर बसतात. या विमानात काय बदललं, मागच्या उड्डाणात काय आढळलं आणि आज काय तपासायचं यावर बोलणं होतं. ठरलेल्या बाबी एका कार्डावर ओळीनं लिहितात आणि ते कार्ड वैमानिकाच्या मांडीवर पट्ट्यानं बांधलेल्या पॅडला लागतं. कार्डावर नसलेली गोष्ट हवेत गेल्यावर सुचली म्हणून करायची नाही, हा या धंद्याचा पहिला नियम.

मग विमानाभोवती फेरी. टायर, हायड्रॉलिकच्या नळ्या, पंखाचे सांधे, सेफ्टी पिना. कुठं तेलाचा ओघळ दिसतो का, कुठलं झाकण नीट बसलेलं नाही का, हे डोळ्यांनी आणि हातांनी पाहायचं. त्यानंतर धावपट्टीवर विमान चालवून ब्रेक आणि दिशा तपासायची. हे सगळं ठीक असेल तरच उड्डाण.

वर गेल्यावर कार्डातली एकेक ओळ घ्यायची. चाकं आत जायला किती सेकंद लागले? ठरावीक उंचीवर ठरावीक वेगाला इंजिनाचं तापमान किती? आफ्टरबर्नर लावल्यावर किती वेळात धक्का मिळाला? स्टिक सोडली तर विमान सरळ राहतं की एका अंगाला झुकतं? वेग कमी करत नेल्यावर पंखांवरची पकड सुटायच्या आधी विमान इशारा कसा देतं? वेग वाढवत नेल्यावर काही थरथर जाणवते का? एका हातानं विमान सांभाळत दुसऱ्या हातानं आकडे टिपायचे. आपल्याला जाणवलेली थरथर आणि काट्यानं दाखवलेला आकडा यांचा मेळ बसतो का तेही बघायचं.

खाली उतरल्यावर डीब्रीफिंग. जे जे बिनसलेलं आढळलं ते नोंदवायचं. या दोषांना विमानाच्या दुनियेत सगळेजण स्नॅग म्हणतात. इंजिनिअर स्नॅगचं मूळ शोधतात, दुरुस्ती करतात आणि विमान पुन्हा उडतं. स्नॅग राहिला नाही असं वाटलं की टेस्ट पायलट कागदावर सही करतो. त्या सहीनंतर ते विमान कुठल्यातरी स्क्वाड्रनमधल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराच्या हाती जातं. तो पोरगा या माणसाला ओळखत नाही, त्याच्या सहीवर मात्र जीव टाकतो.

आता बघ, या कामात वैमानिक कुठं संपतो आणि इंजिनिअर कुठं सुरू होतो? नुसता वैमानिक म्हणेल, “विमान जरा जड वाटतंय.” टेस्ट पायलटला सांगावं लागतं की अमुक वेगाला, अमुक उंचीवर, डावीकडे वळताना स्टिकला इतका जास्त जोर लागतो. तेवढ्यावरून इंजिनिअरला कुठलं झाकण उघडायचं ते कळतं. हवेतला अनुभव मोजमापात मांडता येणं, हीच या माणसाची खरी विद्या. त्यासाठी वायुगतिशास्त्र, इंजिनाचं शास्त्र, नियंत्रणप्रणाली आणि गणित हे सगळं लागतं.

ओझरचा तो प्रसंग

ओझरला असताना मिग-२१ च्या एका चाचणी उड्डाणात शर्मांना इजेक्ट व्हावं लागलं. ते थोडक्यात बचावले.

मिग-२१ हे त्रिकोणी पंखांचं, हलकं आणि भयंकर वेगवान विमान. उतरतानाही त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे असतो. एकच इंजिन. ते बंद पडलं की असे छोटे पंख विमानाला फार लांब तरंगत नेऊ शकत नाहीत. निर्णयाला हाती काही क्षणच उरतात. इजेक्शनचं हँडल ओढलं की डोक्यावरचं काचेचं छत उडतं, सीटखालचा दारूगोळा पेटतो आणि सीट माणसासकट वर फेकली जाते. त्या धक्क्यात शरीरावर स्वतःच्या वजनाच्या बारा-पंधरा पट किंवा त्याहूनही अधिक भार येतो. पुष्कळ वैमानिकांच्या मणक्यांना त्यात दुखापत होते. हँडल लवकर ओढलं तर वाचू शकणारं विमान जातं आणि उशीर झाला तर माणूस.

मला इथं थक्क करते ती पुढची गोष्ट. अशोकचक्र मिळालेला, अख्ख्या देशाच्या ओळखीचा झालेला हा माणूस एखाद्या शांत कार्यालयात बसू शकला असता. कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी मात्र पुन्हा कार्ड मांडीवर बांधलं आणि २००१ पर्यंत ते उडत राहिले. अंतराळातला पराक्रम मोठाच आहे. पण रोज सकाळी हवेत न तपासलेल्या यंत्रात बसून त्याचे दोष शोधायचे, आणि तेही कुणाला न दिसता, याला मी त्याच तोलाचं धैर्य मानतो.

तपासणीची किंमत सास्तूरला सांगायला नको

हे पत्र सास्तूरहून आलं आहे, म्हणून एक गोष्ट मनापासून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर पट्ट्यात भूकंपानं जमीन हलली. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस, पण घरातल्या मोठ्यांकडून तू ऐकलं असशील. नंतर इंजिनिअरांनी पडलेल्या घरांची पाहणी केली तेव्हा जे दिसलं ते फार शिकवणारं आहे. मातीत बसवलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी ती घरं होती. आत लाकडी खांब आणि तुळयांचा खण असे. पुष्कळ घरांत हा लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला. ढासळल्या त्या भिंती, आणि त्याच झोपलेल्या माणसांवर आल्या. पिढ्यान्‌पिढ्या ऊन, पाऊस आणि थंडीत टिकलेल्या त्या भिंतींची आडव्या धक्क्याची परीक्षा कधी झालीच नव्हती. ती झाली तेव्हा आत माणसं होती.

चाचणीचं सगळं शास्त्र एवढ्यासाठीच आहे. जी परीक्षा कधीतरी होणारच, ती आधी, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनं घेऊन टाकायची. विमानाची असो, पुलाची असो वा घराची. तुला इंजिनिअर व्हावंसं वाटतं ना? मग हे काम किती मोलाचं आहे ते सास्तूरच्या लेकीला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

उलट वाटेनं गेलेला माणूस

शर्मा वैमानिकाकडून इंजिनिअरच्या बाजूला सरकले. उलट दिशेनं, म्हणजे इंजिनिअरकडून वैमानिकाकडे गेलेलं मोठं नाव म्हणजे एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिलं स्क्वाड्रन सुरू झालं तेव्हा त्यात फक्त चार वापिती विमानं होती, आणि ती सांभाळायला मूठभर हवाई सिपाही. लाहोरच्या मॅकलॅगन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेले हरजिंदर त्या हवाई सिपायांपैकी एक. चांगल्या नोकरीची वाट मोकळी असताना त्यांनी सर्वांत खालच्या पायरीवरून सुरुवात केली, कारण भारतीय माणूस विमान सांभाळू शकतो हे त्यांना दाखवून द्यायचं होतं.

१९४२ च्या फेब्रुवारीत त्यांचं स्क्वाड्रन बर्मात टांगूला गेलं. विमानं लायसँडर जातीची, म्हणजे मुळात टेहळणीची, जड बॉम्ब टाकण्यासाठी न घडवलेली. हरजिंदर सिंगांनी हाताशी होतं त्या सामानातून त्यांना २५० पौंडांचे बॉम्ब अडकवायची सोय करून दिली आणि स्क्वाड्रनचे प्रमुख करुण कृष्ण मजुमदार यांनी तीच विमानं जपानी विमानतळावरच्या हल्ल्याला नेली. स्वातंत्र्यानंतर कानपूरच्या दुरुस्ती केंद्रात हरजिंदर सिंगांनी १९५२ मध्ये ‘कानपूर-१’ हे छोटं विमान बनवलं. ॲव्रो विमान भारतात बनवण्यामागेही त्यांचाच जोर होता. कानपूरला बांधलेलं पहिलं ॲव्रो १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं. आणि आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं सांभाळलेल्या या इंजिनिअरला सेवेच्या उत्तरार्धात वैमानिकाचे पंखही मिळाले. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे ते प्रमुख होते. त्या कमांडचं मुख्यालय आज आपल्या नागपुरात आहे.

शर्मांसोबत तयारी केलेले आणि ऐन वेळी राखीव राहिलेले रवीश मल्होत्राही पुढे याच बाजूला आले. निवृत्तीनंतर बंगळुरूच्या डायनामॅटिक कंपनीत विमानांचे भाग बनवण्याच्या कामाची धुरा त्यांनी सांभाळली.

आता दोघं एकाच वर्गात शिकतात

बंगळुरूला हवाई दलाचं टेस्ट पायलट स्कूल आहे. १९७३ मध्ये सुरू झालेली ही शाळा जगातल्या मोजक्या अशा शाळांपैकी एक. जवळजवळ वर्षभराचा अभ्यासक्रम. अनुभवी वैमानिक आणि अनुभवी इंजिनिअर तिथं शेजारी बसून शिकतात. वैमानिक टेस्ट पायलट होऊन बाहेर पडतो आणि इंजिनिअर फ्लाइट टेस्ट इंजिनिअर. इंजिनिअर जमिनीवर बसून नुसते आकडे बघत नाही, विमानात जागा असेल तेव्हा तोही वर जातो. २०२१ मध्ये स्क्वाड्रन लीडर आश्रिता ओलेटी इथून पात्र ठरल्या. भारतीय हवाई दलातल्या त्या पहिल्या महिला फ्लाइट टेस्ट इंजिनिअर. हे नाव वहीत लिहून ठेव.

दोघांची जोडी कशी चालते याचं सुंदर उदाहरण नौदलाच्या तेजस विमानाचं आहे. एप्रिल २०१२ मध्ये त्याचा पहिला नमुना उडाला तेव्हा पुढच्या सीटवर नौदलाचे टेस्ट पायलट कमोडोर जयदीप मावळणकर होते आणि मागच्या सीटवर फ्लाइट टेस्ट इंजिनिअर विंग कमांडर मालतेश प्रभू. हे विमान समुद्रातल्या जहाजावर उतरवायचं होतं. जहाजाच्या आखूड डेकवर आडवी पोलादी तार ताणलेली असते. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्या तारेत अडकला तरच विमान थांबतं. म्हणून गोव्याला आयएनएस हंसा तळावर जहाजाच्या डेकसारखी धावपट्टी बांधून तिथं सराव आणि चाचण्या झाल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथं विमान तारेच्या आधारानं उतरलं. ११ जानेवारी २०२० ला मावळणकरांनी ते आयएनएस विक्रमादित्यवर उतरवलं. पहिल्या उड्डाणापासून डेकपर्यंत जवळजवळ आठ वर्षं लागली. या कामाला इतका धीर लागतो.

अंतराळातही आता हीच जोड दिसते. २५ जून २०२५ ला अंतराळात गेलेले ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला टेस्ट पायलट आहेत आणि त्यांनी बंगळुरूच्या आयआयएस्सीमधून एरोस्पेस इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. केलं आहे. गगनयान या भारताच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी निवडलेले चारही जण टेस्ट पायलटच आहेत. ओझरच्या कारखान्यातही नवं पर्व सुरू झालं. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं आणि ऑक्टोबरमध्ये ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए नं आकाश गाठलं. त्यालाही आधी कोणीतरी मांडीवर कार्ड बांधूनच वर नेलं.

तुझी वाट

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. वाटा तीन आहेत.

पहिली, बारावीनंतर एनडीए. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान लागतं. हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स हवंच. तू अकरावीत गणित घेतलं आहेस ना, हे आजच बघून घे. कारण जीवशास्त्रासाठी गणित सोडलेल्या हुशार मुलींची ही वाट इथंच बंद होते. एनडीएची दारं मुलींना २०२२ पासून खुली झाली आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. हवाई दलाच्या छात्रांना तिथं बी.टेक.चा अभ्यास करता येतो, म्हणजे दोन्ही आवडी एकाच ठिकाणी जपता येतात. पुढचं प्रशिक्षण हैदराबादजवळ डुंडीगलच्या हवाई दल अकादमीत होतं.

दुसरी, पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा देऊन उड्डाण शाखेत. त्यासाठी वय २० ते २४.

तिसरी, इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्याच एएफकॅटमधून तांत्रिक शाखेत. त्यासाठी वय २० ते २६. फ्लाइट टेस्ट इंजिनिअर होणारे अधिकारी प्रामुख्यानं याच शाखेतून येतात.

पहिल्या दोन वाटांवर एक टप्पा जपून पार करावा लागतो. वैमानिकाची अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालं तर उड्डाण शाखेचा दरवाजा कायमचा बंद होतो, म्हणून पूर्ण तयारीनिशीच जा. वैद्यकीय तपासणीत उंची, पायांची लांबी आणि बसल्यावरची उंची मोजतात, कारण कॉकपिटची मापं ठरलेली असतात. यात तुझ्या हुशारीचा काही दोष नसतो. तिथं अडलं तर मन मारून बसू नकोस, तिसरी वाट त्याच विमानाकडे जाते.

गावातल्या धाकट्या मुलींना आणखी एक सांग. सैनिकी सेवापूर्व शिक्षण देणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून मुलांसाठी आहे, आणि मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला सुरू झाली आहे. तिथं दहावीनंतर प्रवेश मिळतो. त्यामुळे नववी-दहावीतच चौकशी करायला हवी.

आणि वाट कुठलीही धरलीस तरी एक सवय आतापासून लाव. प्रयोगशाळेत लंबकाचा किंवा विद्युतप्रवाहाचा प्रयोग करताना उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तर शेजारणीच्या वहीतला आकडा उतरवू नकोस. आला तोच आकडा लिही, त्याखाली तो का आला असेल याचा अंदाज लिही आणि प्रयोग पुन्हा कर. हरजिंदर सिंगांपासून ओलेटींपर्यंत सगळ्यांच्या कामाचं मूळ याच प्रामाणिकपणात आहे. आढळलेला दोष न लपवता नोंदवणाऱ्याच्याच सहीवर पुढे दुसऱ्यांना जीव सोपवता येतो. ही सवय तुला लागली, की पंख आधी मिळाले काय आणि पदवी आधी मिळाली काय, फारसा फरक पडणार नाही.